पावणेतीन जीबीचा बाऊ

आज सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखानदाराकडे होतो. मालक म्हणाले, "डेटा लई झालाय ओ, खातेउतारा निघायला वेळ लागतो, नवीन सर्व्हर घ्यावा का?" बघितलं तर सगळा डेटाबेस पावणेतीन जीबी! एवढं तर लोकांच्या व्हॉट्सॲपमध्ये गुड मॉर्निंगच साठलेलं असतं. पोस्टग्रेसमध्ये (त्यांचा डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) एकट्या टेबलाची मर्यादा ३२ टीबी, म्हणजे हजारो जीबी आहे, नेहमीच्या ८ केबीच्या पानांवर (डिस्कवर डेटा साठवायचे तुकडे).

क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) एक्स्प्लेन लावलं, म्हणजे ती कशी चालते ते डेटाबेसलाच विचारलं, आणि चोर सापडला. पार्टीचा खातेउतारा काढताना तारखेच्या कॉलमवर वर्ष काढायचं फंक्शन लावलेलं. त्यामुळे तारखेचा इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी झटपट शोधायची यादी) असून नसल्यासारखा, दरवेळी अख्खं टेबल वाचलं जायचं. अट 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी लिहिली आणि पार्टी-तारीख मिळून एक इंडेक्स केला. (पार्टी आधी, तारीख मागून. उलट केलं तर तेवढा फायदा नाही.) उतारा क्लिकसरशी आला.

म्हणून दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स टाकत सुटू नये, प्रत्येक नव्या बिलाला तेही लिहावे लागतात. पार्टिशनचा, म्हणजे एक टेबल तुकड्यांत वाटायचा, विषय मालकांनीच काढला. म्हटलं, कोट्यवधी ओळी होऊ द्या, मग बघू.

सर्व्हरचे पैसे वाचले म्हणून कडक भाकरी अन् शेंगाचटणीचं जेवण झालं. बॅकअप कुठंय विचारलं, तर त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर बोट! शनिवारी परत जायचंय.