तिथीची पाऊणपट

ठाणे, रविवार, चैत्र वद्य एकादशी

सकाळी घरी पोचल्यावर आधी पिशव्यांतली वाळू गॅलरीत झटकली आणि साबुदाणा भिजत घातला. सासूबाई नणंदेकडून संध्याकाळी परततील. तोवर घरात शांतता आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

मालवणजवळ तारकर्लीला आम्ही दोघेच जाऊन आलो, दोन रात्रींसाठी. सव्वीस वर्षांच्या संसारात केवळ दोघांनी केलेला हा तिसरा प्रवास, आणि आधीचे दोन्ही लग्नाच्या पहिल्याच वर्षातले. एप्रिलच्या उन्हात कोणी कोकणात जाते का, असे शेजारच्यांनी विचारले. परंतु बँकेचा मार्चअखेर उरकल्याशिवाय रजेचा अर्ज करायला ह्यांचा हात धजत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

ह्यांनी सवयीप्रमाणे कागदावर वेळापत्रक आखले होते: साडेदहाला समुद्रस्नान, साडेबाराला जेवण. गुरुवारी साडेदहाला आम्ही टॉवेल घेऊन निघालो, तेव्हा घरमालकीणबाई अंगणात कोकमे वाळत घालत होत्या. ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते, नवख्याने चढत्या पाण्यातच उतरावे, असे सांगून त्या ह्यांच्या मनगटाकडे पाहत म्हणाल्या, "घड्याळ कित्याक बघतास? आज तिथी काय ता बघा." मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा, तेव्हा सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. ह्यांना आजोबांनी लहानपणी पाऊणकी पाठ करायला लावली होती आणि तिचा उपयोग आयुष्यात एकदाही झाला नव्हता. त्या क्षणापासून आमचे वेळापत्रक खिशातच राहिले.

दुपारी उतरलेल्या ओल्या वाळूवर लहान खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी काढून ठेवली होती. बिळातून बाहेर यायचे, वाळू तोंडात घालून त्यातले खाद्य तेवढे काढून घ्यायचे आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकायची, असा त्यांचा उद्योग चाललेला असतो. आमची सावली पडली की सगळे एकदम नाहीसे होत. हे उकिडवे बसून पाहत राहिले. इतका वेळ एका जागी, तेही मोबाइल न काढता, मी ह्यांना अलीकडे पाहिलेले नाही.

चार वाजता आम्ही पाण्यात शिरलो. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ काटकोनात असते, त्यामुळे भांगाची भरती येते आणि पाणी फारसे चढत नाही. माझ्यासारखीला ते बरेच झाले. ठाण्यात खाडी आहे, तलाव आहेत, तरी बावन्नाव्या वर्षापर्यंत मी समुद्रात घोट्यापलीकडे गेले नव्हते. लाट परतताना टाचांखालची वाळू सरकली, तशी मी ह्यांचा दंड इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्यांचे वळ त्यावर रात्रीपर्यंत दिसत होते. पाणी मात्र कोमट होते, आणि छातीपर्यंत आल्यावर भीतीही कमी झाली.

शुक्रवारी होडीने सिंधुदुर्ग पाहिला. १६६४ साली पायाभरणी झालेल्या या किल्ल्यात, चहूकडे खारे पाणी असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. बाकी तटावरून चालताना ऊन असह्य झाले होते. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि मग समुद्रावरून खारे वारे सुटतात, हे शाळेत पाठ केलेले उत्तर आम्हाला दुपारी होडीत बसल्यावर प्रत्यक्ष अंगावर मिळाले.

शनिवारी दशमी होती. उद्याचा उपास ध्यानात ठेवून मी दुपारी बांगड्याचे तिखले जरा जास्तच वाढून घेतले.

परतीची गाडी दीड तास उशिरा धावत होती. एरवी ह्यांनी दर स्थानकावर चरफड केली असती. आज कळव्याहून गाडी सुटताच मला झोपेतून उठवून ते दाराशी घेऊन गेले. "अकराची पाऊणपट सव्वाआठ, आता पावणेसात, पाणी चढते असायला हवे," असे म्हणत त्यांनी पुलावरून खाली बोट दाखवले. गेली कित्येक वर्षे ह्या खाडीवरून आम्ही ये-जा करतो आहोत. आज तिवरांची मुळे बुडालेली होती आणि एक फुटका थर्माकोलचा डबा संथपणे आतल्या बाजूला वाहत चालला होता.