लाईट गेली की गाडी कामाला
आज जुळे सोलापुरात दुपारची गेलेली लाईट पार अंधार पडल्यावर आली, इन्व्हर्टरनं कधीच मान टाकलेली आणि आई ओला पंचा घेऊन दारात बसलेली, लई जीव तुटला ओ. तेव्हापासून डोक्यात चिनी कंपनी बीवायडीचा शार्कच आहे, 2024 ला मेक्सिकोत आलेला प्लग-इन हायब्रिड (चार्जिंगवर अन् पेट्रोलवर, दोन्हीवर चालणारा) पिकअप, बॅटरी 29.58 युनिटची आणि गाडीच्याच सॉकेटवर 6.6 किलोवॉटपर्यंत लोड! आपल्या इन्व्हर्टरच्या 150 एएचच्या बॅटरीत जेमतेम 1.8 युनिट मावतं, म्हणजे सोळापट की. फ्रिज, पंखे, कूलर आरामात, शिवाय पेट्रोल इंजिन आहेच. फक्त घराच्या वायरिंगला जोडायचं तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन नाहीतर गाडी, एकच घराला जोडणारा) पाहिजेच, नाहीतर करंट उलटा लाईनवर जाऊन खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेततं. अशी गाडी इकडं लवकर यावी, मनापासून वाटतंय.