झिरो मशीन आणि दहाचे ऊन

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी डोक्यावर झिरो मशीन मारून घेतली. लहानपणी परीक्षा संपल्या की आजोबा आम्हा भावंडांना ओळीने बसवून प्रत्येकाचे डोके भादरून घेत आणि ‘आता ऊन बाधायचं नाही’ असे बजावत. ती समजूत मनात इतकी घट्ट बसली होती की तिची शहानिशा करावी, असे मला कधी वाटलेच नाही.

एरवी मी पहाटे साडेपाचला पुण्यातल्या तळजाई टेकडीवर धावायला जातो, पण त्या रविवारी निघायलाच दहा वाजले. पहिल्या फेरीतच घाम कपाळावरून थेट डोळ्यांत उतरू लागला, टाळू चटचटू लागली, आणि एरवी परतताना थोडी तरी उरणारी अर्ध्या लिटरची बाटली वाटेतच रिकामी झाली. वेग नेहमीपेक्षा कमी असूनही मला दोनदा झाडाखाली थांबावे लागले.

एका दिवसाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढणे बरे नव्हे, म्हणून थोडे वाचले. ब्राझीलमधील संशोधकांनी काही पुरुषांकडून एकदा केसांसह आणि एकदा डोके पूर्ण भादरून उन्हात व्यायाम करवून घेतला, तेव्हा भादरलेल्या अवस्थेत त्यांना घाम अधिक आला. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. २०२३ साली टीना लसिसी, नीना जाब्लोन्स्की, जॉर्ज हॅवेनिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पुढची पायरी गाठली. ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत त्यांनी ३५ अंश तापमानावर स्थिर ठेवलेला माणसाच्या आकाराचा पुतळा बसवला, त्याच्या डोक्यावर मानवी केसांचे सरळ, कुरळे आणि अतिशय दाट कुरळे असे टोप आळीपाळीने चढवले आणि वरून उन्हासारखे दिवे सोडले. कोणत्याही केसांमुळे डोक्यात शिरणारी उष्णता घटलीच; सर्वांत जास्त घटली ती दाट कुरळ्या केसांमुळे.

कारण घरच्या घरी कळते. दहाच्या उन्हात पाच मिनिटे उभे राहून केसांवर तळवा ठेवला तर तो चांगलाच पोळतो, पण बोटे मुळापर्यंत सरकवली तर खालची त्वचा दमट आणि त्या मानाने बरीच गार लागते. ऊन केसांच्या वरच्या थरात अडते आणि ती उष्णता वारा तिथल्या तिथे घेऊन जातो. तापलेला थर आणि टाळू यांत जितके अंतर, तितका बचाव अधिक. आपल्याकडचे सरळ केस घामाने भिजले की टाळूला चिकटतात आणि ते अंतर नाहीसे होते, असे आपले माझे निरीक्षण आहे.

आजोबांची बाजूही अगदीच लंगडी नाही. केस घामाच्या बाष्पीभवनात अडथळा आणतात, आणि एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते, तर टपकून गेलेला घाम जवळपास काहीच नेत नाही. त्यामुळे सावलीत किंवा सूर्य मावळल्यावर मोकळे डोके खरोखरच फायद्याचे ठरते. आमची भादरलेली डोकी दुपारभर माजघरात लोळत असत, हे या संदर्भात विसरून चालणार नाही. शिवाय डोके म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा लहानसाच भाग, आणि धावताना उष्णतेचा मोठा वाटा स्नायूंमध्येच तयार होत असल्यामुळे केवळ केसांच्या भरवशावर कोणी भर दुपारी टेकडी चढू नये.

सध्या माझे केस जेमतेम पेरभर वाढले आहेत. संध्याकाळी सातनंतर मी उघड्या डोक्याने धावतो आणि वारा लागला की फार बरे वाटते. उन्हात निघावेच लागले तर पांढरा सुती पंचा भिजवून डोक्याला सैलसर गुंडाळतो आणि तो वाळत आला की बाटलीतले पाणी आधी त्यावर ओततो.