पिवळा रंग कोणाचा?

एमएस्सीला आमचं एक प्रॅक्टिकल होतं. सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली कॉक असलेलं काचेचं भांडं) वर पोटॅशियम पिक्रेटचं (पोटॅशियम प्लस आणि पिक्रेट मायनस असलेलं मीठ) पिवळंधमक पाणी आणि खाली डीसीएम, म्हणजे पाण्यात न मिसळणारा जड द्रव, एकदम पारदर्शक. कितीही हलवा, पिवळं वर ते वरच. मग त्यात चिमूटभर 18-क्राउन-6 (रिंगच्या आकाराचा एक रेणू, क्राउन ईथर) टाकायचं, बूच लावून परत हलवायचं, मधेमधे फनेल उलटा करून कॉक उघडून गॅस सोडायचा (हे विसरलं की बूच उडतं, स्वानुभव आहे) आणि स्टँडला लावून ठेवायचं. थर वेगळे झाले की खालचा थर पिवळा झालेला असतो! पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच जादू वाटली होती.

सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "छान. हा पिवळा रंग कोणाचा रे?"

मी छाती फुगवून, "पोटॅशियमचा सर."

"हो का? मग पोटॅशियम क्लोराइडचं पाणी कधी पिवळं बघितलंयस का?"

झालं. अख्ख्या बॅचसमोर.

पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही आणि पुढे रिंगवाल्या रेणूंबद्दल जे काही वाचलं ते सगळं त्या एका प्रश्नाच्या चष्म्यातून वाचलं. क्राउन ईथर म्हणजे ऑक्सिजन आतल्या बाजूला तोंड करून बसलेली रिंग. 18-क्राउन-6 मध्ये अठरा अणूंचं वर्तुळ, त्यात सहा ऑक्सिजन, आणि मधलं भोक पोटॅशियमच्या मापाचं. सोडियम त्यात जरा ढिला बसतो, सीझियम मावत नाही म्हणून वर टेकून बसतो. पोटॅशियम रिंगमध्ये बसून खाली जातो हे बरोबरच आहे. पण धन आयन, म्हणजे प्लस चार्जवाला, एकटा जाऊच शकत नाही ना! खालच्या थरात नुसता प्लस चार्ज साठवता येत नाही, प्रत्येक पोटॅशियममागे एक मायनस गेलाच पाहिजे. आपल्याला जो पिवळा दिसतो तो हा मागे मागे गेलेला पिक्रेट. रिंगने पकडलं एकाला आणि दिसतोय दुसराच.

आणि पिक्रेट का घेतात माहितीये? रंग दिसतो, डिटेक्ट करायला सोपं, हे खरंच, पण तो पाणी सोडायला फार कटकट करत नाही हे जास्त महत्त्वाचं. त्याचा मायनस चार्ज सगळ्या रेणूभर पसरलेला, त्यामुळे पाण्याला त्याचं फार प्रेम नाही. त्याच्या जागी क्लोराइड घ्या, एवढासा गोळा आणि अख्खा चार्ज त्याच्यावर, पाण्याचे रेणू त्याला चिकटून बसलेले. क्राउन पोटॅशियमला कितीही बोलवू दे, क्लोराइड जागचा हलत नाही आणि त्याच्या नादाने पोटॅशियमही वरच राहतो. थोडक्यात आमचं प्रॅक्टिकल पिक्रेटच्या जिवावर पास होत होतं.

क्राउन ईथर शोधणाऱ्या पेडरसनच्या गोष्टीतही हेच आहे. ड्यूपाँट या अमेरिकन केमिकल कंपनीत काम करणारा माणूस, पीएचडी नाही, दुसरंच काहीतरी बनवत असताना 0.4 टक्के एवढंच मिळालेलं फालतू बायप्रॉडक्ट फेकून न देता तपासत बसला आणि त्यातून क्राउन ईथर निघाले. 1967 ला पेपर आला, 1987 ला क्रॅम आणि लेन यांच्यासोबत नोबेल. क्राउन टाकलं की पोटॅशियम परमँगनेट बेंझिनमध्ये विरघळतं आणि बेंझिन जांभळं होतं हे तर सगळ्या पुस्तकात असतं. आता सांगा, जांभळा रंग कोणाचा? परत मायनसचाच, म्हणजे परमँगनेटचा!

मग लोकांना वाटलं, मायनसला पण स्वतंत्र खुर्ची देऊ. मायनस पकडायच्या रिंगा वेगळ्या असतात, त्यात एनएच (नायट्रोजनला जोडलेले हायड्रोजन) आतल्या बाजूला असतात आणि ते हायड्रोजन बॉन्डने धरतात. कॅलिक्स-4-पायरोल हे त्यातलं माझं लाडकं, बायरने 1886 मध्ये पायरोल आणि अ‍ॅसीटोनपासून बनवलं आणि ते फ्लोराइड-क्लोराइड धरतं हे सेसलरच्या ग्रुपने 1996 मध्ये दाखवलं. एकशे दहा वर्षं बाटलीत! त्यात अजून एक मजा, क्लोराइड आला की चारही एनएच त्याच्याकडे वळतात, रिंगची वाटी होते आणि मागच्या बाजूला जो खोलगट भाग तयार होतो त्यात सीझियम जाऊन बसतो. म्हणजे मायनससाठी केलेल्या रिंगने प्लसची पण सोय करून टाकली.

मुद्दाम दोन्ही खुर्च्या असलेला रेणू बनवायचा तर खरी डोकेदुखी अंतराची आहे. ब्रॅडली स्मिथच्या ग्रुपने 2001 मध्ये क्राउनच्या वर दोन अमाइडचा (एनएच असलेल्या गटांचा) पूल बांधला, खाली सोडियम किंवा पोटॅशियम, वर क्लोराइड, आणि दोघं एकमेकांना टेकून. हे टेकून असणं महत्त्वाचं आहे, कारण प्लस आणि मायनसला लांब लांब बसवलं तर त्यांना ओढून वेगळं ठेवायची किंमत रिंगलाच मोजावी लागते. बरं फार जवळ आणलं तर मीठ यायच्या आधीच एनएच क्राउनच्या ऑक्सिजनला धरून बसतात आणि दुकान बंद. कागदावर काढताना हे काही कळत नाही, बॉल-अँड-स्टिक मॉडेल हातात घेऊन पिरगाळलं की कळतं.

आणि नुसतं घट्ट धरून चालत नाही, सोडता पण आलं पाहिजे. अमेरिकेत सव्हाना रिव्हर या अणुकेंद्राच्या कचऱ्यातून किरणोत्सारी सीझियम-137 काढायला कॅलिक्सअरीन-क्राउन (वाटीसारख्या रिंगला जोडलेलं क्राउन) वापरतात. त्या कचऱ्यात नायट्रेट ठासून भरलेलं असतं, ते सीझियमसोबत ऑर्गॅनिक थरात (पाण्यात न मिसळणाऱ्या, क्राउनवाल्या थरात) येतं. मग तोच थर अगदी पातळ नायट्रिक अ‍ॅसिडसोबत हलवला की तिथे नायट्रेट नगण्य, त्यामुळे जोडी परत पाण्यात उतरते. रिंग तीच, सीझियम तोच, आत जायचं की बाहेर यायचं ते नायट्रेट ठरवतो. हे वाचलं त्या दिवशी मला सरांची फार आठवण आली.

मागे एकदा ज्युनिअर्सचं तेच प्रॅक्टिकल घ्यायची वेळ माझ्यावर आली. खालचा थर पिवळा झाला, पोरं खूश, मोबाइल बाहेर. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, हा रंग कोणाचा?

एकजण पटकन म्हणाला, "क्राउनचा."

मी काही न बोलता क्राउनची बाटली त्याच्या हातात दिली, उघडून बघ म्हटलं. पांढरीशुभ्र पावडर.

"मग पोटॅशियमचा," तो म्हणाला.