सपाट मुंबईत घाटाची तयारी

या मोसमात डोक्यात एकच गोष्ट आहे. खोपोलीहून सायकलने बोरघाट चढायचा, मध्ये पाय न टेकता. गेल्या हिवाळ्यात शिंग्रोबाच्या देवळाच्या बऱ्याच अलीकडे माझी हवा गेली होती, टायरची नव्हे. म्हणून यंदा परतीचा पाऊस सरताच तयारीला लागलो. आतापर्यंत काय जमलं आणि काय मोडलं ते इथे मांडतोय. मुंबई–पुणे शर्यतीत याच घाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आपण प्रजेतले, तेव्हा वेळेबिळेची अपेक्षा ठेवू नका.

पहिली अडचण शहराचीच. मी राहतो चेंबूरला, आणि आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल. त्यातही जे चांगले लांब आणि उंच आहेत तिथे सायकलला मज्जाव. सी लिंक नाही, कोस्टल रोड नाही, अटल सेतू तर नाहीच. मग उरतो केम्प्स कॉर्नरचा पूल, १९६५ सालचा, मुंबईतला पहिला, आणि त्याच्यापुढे पेडर रोडचा चढ. पहाटे साडेपाचला, दुधाच्या गाड्या सोडल्या तर रस्ता मोकळा असताना, तिथे मोठ्या गिअरवर उभं राहून पॅडल मारायला झकास वाटतं. पण नीट दम लागायच्या आत तो संपलेला असतो.

त्यामुळे ऑक्टोबर मलबार हिलवर घालवला. गिरगाव चौपाटीवरून वाळकेश्वरच्या रस्त्याने तीन बत्ती, तिथून वर कमला नेहरू पार्क, उतरून परत चौपाटी. टेकडी जेमतेम पन्नासेक मीटरची. लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास, खोपोली पायथ्याला, म्हणजे दहा-अकरा फेऱ्या मारल्या की कागदावर घाट झाला. मी अशा फेऱ्या मारून खूश होतो. एकदा चौपाटीवर आमच्या गटातले काका भेटले. बँकेतून निवृत्त झालेत, सायकल अजून स्टीलची, आणि चढावर आम्हा सगळ्यांना मागे टाकतात. माझं गणित ऐकून म्हणाले, “अरे, तू चढतोयस कुठे? दर पाच मिनिटांनी उतारावर बसून आराम करतोयस. घाटात हा आराम कोण देणार तुला? त्यापेक्षा वाऱ्यात जा.”

वाऱ्यात जा म्हणजे काय, ते घरी येऊन आकडे मांडल्यावर कळलं. मी आणि सायकल मिळून ८२ किलो. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी ९ किलोमीटरने जायला साधारण १३५ वॉट लागतात, आणि त्यातला बहुतेक जोर वजन वर उचलण्यातच जातो. सपाट रस्त्यावर ताशी २० ने जाताना समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल तरी जवळपास तेवढेच वॉट लागतात. वारा पडला तर त्याच वेगाला याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे अर्धा तास सलग समोरचा वारा मिळाला, तर फुप्फुसांपुरता अर्धा तासाचा घाट मिळाला. आणि वाऱ्याला उतार नसतो.

आता वारा मिळवायचा कुठे? हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे मतलई वारे आणि दुपारनंतर खारे वारे, शाळेत भूगोलात घोकलेलं. मतलई असून नसल्यासारखा. खारा मात्र वायव्येकडून येतो आणि चारच्या सुमाराला चांगला अंगावर येतो. पाम बीच रोड वाशीकडून बेलापूरला आग्नेयेला जातो. जाताना वारा पाठीशी असतो, आपण फार मोठे सायकलपटू आहोत असं वाटत राहतं. बेलापूरला वळलं की तोच वारा थेट तोंडावर, पार वाशीपर्यंत. तिथे ५०-१९ लावायचं (पुढे ५० दातांची चकती, मागे १९), म्हणजे ताशी २० ला पाय मिनिटाला साठच्या आसपास फिरतात. घाटात माझे साधारण तेवढेच फिरतात. हात खाली ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर, धरायचा मोह होतो, तो टाळायचा. वाऱ्याला छाती द्यायलाच तर आलोय. पहिल्या दिवशी नेरूळच्या पुढे एका बाईंनी बिनगिअरच्या सायकलवरून, कॅरिअरला भाजीची पिशवी बांधून, मला आरामात मागे टाकलं. मी सरावात होतो, त्या घरी चालल्या होत्या. असो.

याच काळात वाशीच्या खाडीपुलावर मागची ट्यूब गेली. पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी एका जागी वर आली आहे. तिच्यावरून चाक गेलं, ठक्क आवाज झाला, आणि पन्नास मीटरवर सायकल मागून बसली. जवळची नवी ट्यूब घातली, पण खिशातल्या पंपाने चाळीस पीएसआयच्या पुढे हवा जाईना. तशीच सांभाळत मानखुर्दला टायरवाल्यापाशी आणली. त्याने माझा वॉल्व्ह दोन बोटांत धरून निरखला. “भाऊ, ही सुई कशाला लावलीय?” प्रेस्टा वॉल्व्ह त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. मी पितळी टोपी बसवून दिली, मग त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड लागलं. मोकळा होताच त्याने आपणहून जुनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली. बुडबुड्यांच्या दोन बारीक माळा वर आल्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. “काटा नाही, खिळा नाही. रिमने चावली,” एवढं बोलून तो रिक्षाच्या चाकाकडे वळला. निदान अगदी बरोबर. टायर पट्टीवर दाबला गेला की ट्यूब रिमच्या दोन्ही कडांमध्ये चिमटते आणि जोडीने भोकं पडतात. २५ मिलिमीटरच्या टायरात मुळात हवाच थोडी, दाबाला जागा नसते. आता २८ चे टायर चढवलेत, मागे ८० आणि पुढे ७५ दाब ठेवतो. वेग तसूभरही कमी झालेला नाही आणि सायन–पनवेल महामार्गावर मनगटं कमी हाणली जातात. मुंबईत अजून २३ आणि २५ वर फिरणाऱ्यांचं मला खरंच कौतुक वाटतं. पेव्हर ब्लॉकवरून ते कसे जातात कुणास ठाऊक.

नोव्हेंबरात कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, बदलली. आधी ११-२८ होती, सगळ्यात लहान चकती ११ दातांची, मोठी २८ ची. पुढे ३४ आणि मागे २८ दात असताना ताशी ९ ला पाय मिनिटाला ५८ वेळा फिरतात, ३२ दातांवर ६६ वेळा. आठ फेऱ्यांचा फरक ऐकायला किरकोळ, पण गुडघ्यांना विचारा. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, लांब पिंजऱ्याचा घ्यावा लागला, चेनही लांब, म्हणजे खर्च वाढला. काम एका दुकानात करून घेतलं आणि तिथून थेट ठाण्याच्या येऊरला गेलो.

उपवन तलावाकडून येऊरचा चढ छोटा पण खडा आहे. वारा जे शिकवत नाही ते इथे कळतं. सपाटीवर दोन पॅडलांच्या मध्ये सायकल आपल्याच वेगाने पुढे सरकते. खड्या चढावर ती त्या क्षणातही मंदावते, म्हणून जोर पूर्ण फेरीभर लावावा लागतो. हे पायांना समजू लागलं होतं आणि मी मोठ्या ऐटीत ३२ दातांची चकती टाकली. कर्रर्र. चेन सगळ्यात मोठ्या चकतीवरून पलीकडे उडून कॅसेट आणि तारांच्या फटीत घुसली आणि मागचं चाक जागीच अडकलं. एक पाय क्लीटमधून (बूट पॅडलला अडकवणारी पट्टी) सुटला, दुसरा नाही, मी डाव्या अंगावर गवतात. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. चेन काढायला वीस मिनिटं गेली. फटीत बोट जात नाही, वरून खेचली की आणखी रुतते. शेवटी चाक उतरवलं, कॅसेट उलटी फिरवत एकेक कडी सोडवली, आणि मनगटापर्यंत काळं ग्रीस झालं. दोन तारांवर ओरखडे आले आणि चाकाला आऊट आला, म्हणजे ते डोलू लागलं, तो नंतर काढून घेतला. चेन आत कुठवर जावी ते ठरवणारा डिरेलरचा ‘एल’ स्क्रू दुकानदाराने हातच न लावता सोडला होता. कॅसेट बदलून आणलीत तर एवढं तरी बघा. मागून डोळा लावायचा, सगळ्यात मोठ्या चकतीच्या बरोबर खाली डिरेलरचं वरचं चाक येतंय का? आत जात असेल तर तो स्क्रू घड्याळाच्या दिशेने थोडा थोडा आवळायचा. दुकानातच, स्टँडवर, पॅडल हाताने फिरवून.

बोरिवलीच्या उद्यानात कान्हेरीपर्यंतही एकदा जाऊन आलो. शेवटचा टप्पा मस्त, माकडांनी केळी नेली. सोमवारी बंद असतं, लक्षात ठेवा.

आणि घाट. डिसेंबरातला रविवार, पहाटे चारला चेंबूर सोडलं, पनवेल, तिथून जुना महामार्ग. एक्स्प्रेसवेवर आपल्याला बंदीच. खोपोलीत मिसळ टाळून केळी आणि चहा घेतला. बाजूच्या डोंगरातून जाणारी रेल्वे १८६३ पासून हाच घाट चढते. तिचा चढ जास्तीत जास्त ३७ ला १, आणि तेवढ्यासाठीही कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. रस्ता त्याहून बराच खडा आणि आपल्या मागे कोणी नाही. पहिल्या वळणापासून ३४-३२ लावलं आणि वेगाकडे बघायचं सोडून दिलं. दम एका लयीत लागला आणि लयीतच राहिला, पाम बीचवर लागायचा तसाच. काकांना तिथेच मनात नमस्कार केला. शिंग्रोबापाशी ट्रकवाले नाणं टाकून पुढे जात होते. मला हँडल सोडवेना, नुसती मान झुकवली. देवळापुढच्या वळणावर पहिल्या गिअरमधला एक ट्रक बराच वेळ माझ्या बरोबरीने सरकत होता. क्लीनरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. “दादा, मागची साखळी पकडा, वर सोडतो!” नको म्हणायलाही श्वास नव्हता, म्हणून मान हलवली. त्याला ते हो वाटलं आणि त्याने ट्रक आणखी हळू करवला. शेवटी हाताने पुढे जा म्हणून खूण केली.

पाय न टेकता वर पोचलो. तासाहून थोडं जास्त लागलं. फुप्फुसं शाबूत होती. कंबर आणि तळवे मात्र बोलत होते, त्यांचा सराव वाऱ्यात होत नाही. परत येताना खोपोलीहून लोकल धरली. लगेजचं तिकीट काढून मालडब्यात चढलो. कर्जतला एक मावशी टोपल्या घेऊन आल्या, काही न विचारता त्यांनी पिशवी माझ्या हँडलला अडकवली आणि कल्याणला काढून घेतली. घाटकोपरला उतरून घरी.

आता नजर २०० किलोमीटरच्या बीआरएमवर, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीवर आहे. साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहापाणी, पंक्चर सगळं धरून ताशी पंधराच्या आसपास. त्याआधी ब्रेक पॅड बदलायचेत. खोपोलीच्या उतारावर पुढचे अर्धे झिजले आणि त्यांत रिमचे चमकणारे कण रुतलेत. रिम ब्रेकवर घाट उतरणाऱ्यांनी कुठले पॅड वापरताय ते सांगा. आणि कंबरेसाठी कुणी काय करतं, तेही.