नीसचा प्रोमनाद: सकाळी बंदराकडून निघा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस शहराला लागून जाणारा प्रोमनाद देझांग्ले हा समुद्रकाठचा रुंद रस्ता पश्चिमेला विमानतळापासून सुरू होतो आणि पूर्वेला शातोच्या, म्हणजे किल्ल्याच्या, टेकडीच्या दिशेने जातो. लांबी सुमारे 7 किलोमीटर. पुष्कळ जण हे सगळं अंतर पायी उरकायला निघतात आणि निम्म्यातच कंटाळतात, कारण विमानतळाकडच्या भागात एका अंगाला भरधाव गाड्या, पलीकडे राहत्या इमारती आणि डोक्यावर सावली नाही. तो भाग सायकलवर करावा. पायी चालायचं ते बंदर ते नेग्रेस्को हॉटेल एवढंच, साधारण अडीच किलोमीटर.

आता दिशा. बहुतेक जण नेग्रेस्कोपासून सुरुवात करून टेकडीकडे जातात. सकाळी तसं केलं तर ऊन सतत डोळ्यांवर येतं, आणि टेकडीवर पोहोचेपर्यंत दुपार झालेली असते. वरून दिसणारा उपसागराचा तो प्रसिद्ध देखावा पश्चिमेकडचा आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, तेव्हा पाण्याचा निळा रंग स्वच्छ दिसतो. दुपारनंतर समोरून चकाकी येते आणि फोटो फिका पडतो. म्हणून ट्राम 2 ने थेट बंदरावरच्या पोर लिंपिया या शेवटच्या थांब्यावर उतरा आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे या. तिकीट थांब्यावरच्या यंत्रातून आधी घ्यायचं आणि चढल्याबरोबर आतल्या यंत्रावर नोंदवायचं. खिशात तिकीट आहे पण नोंदवलेलं नाही, तरी दंड होतो.

बंदराला वळसा घालून समुद्राच्या कडेने निघालं की रोबा कापेउचं वळण लागतं. इथे वारा जोराचा असतो, टोपी हातात धरा. शहराच्या नावाच्या मोठ्या अक्षरांपुढे फोटोची रांग लागते. सकाळी नऊच्या आत ती नसते. पुढे बेलांदा बुरुजापाशी टेकडीची लिफ्ट आहे, फुकट. पायऱ्या दोनशेच्या वर आहेत, पण गुडघे ठीक असतील तर त्यांनीच चढा: प्रत्येक वळणावर किनारा थोडा थोडा उलगडत जातो. माथा 92 मीटरवर. किल्ला मात्र शोधू नका, तो फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने 1706 मध्ये पाडला; उरली आहे ती बाग, धबधबा आणि अवशेष. बाग संध्याकाळी बंद होते, हिवाळ्यात लवकर. दुपारी बाराला टेकडीवर मोठा बार उडतो. लहान मूल सोबत असेल तर त्याला आधी सांगून ठेवा.

खाली उतरून एक गल्ली आत गेलं की कूर सालेयाचा बाजार. भाजी-फळांचे ठेले दुपारी एकच्या सुमारास आवरायला लागतात. सोमवारी भाजी-फुलांऐवजी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तेव्हा खाण्याच्या आशेने सोमवारी येऊ नका. शाकाहारी माणसाने इथे सोका खावा: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, लाकडाच्या भट्टीत मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेलं. चवीला बेसनाच्या धिरड्याच्या जवळचं, कडा करपलेल्या, आत मऊ. वरून मिरपूड घालून गरम असतानाच संपवायचं. गार झाला की चिवट होतो. पिसालादियेर हा पिझ्झ्यासारखा प्रकार दिसायला नुसता कांद्याचा, पण त्यात अँचोवी मासा असतो. पां बान्या या सँडविचमध्ये ट्यूना मासा असतो. विचारल्याशिवाय घेऊ नका.

बाजारातून पुन्हा समुद्राकडे आलं की प्रोमनादची खरी रुंदी दिसते. इथला पहिला पायरस्ता 1820 च्या दशकात हिवाळा काढायला येणाऱ्या इंग्रजांच्या पैशांतून झाला. 1820-21 च्या कडक थंडीनंतर बेकार झालेल्या लोकांना त्यातून काम मिळालं. नीस तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, ते 1860 मध्ये आलं. 1929 ची पाले द ला मेदितेराने ही इमारत आणि 1913 चं गुलाबी घुमटाचं नेग्रेस्को याच रांगेत आहेत. निळ्या खुर्च्यांना पैसे पडत नाहीत, हवा तेवढा वेळ बसा. चालताना सायकलच्या पट्ट्यात शिरू नका. फोटोसाठी मागे सरकणाऱ्यांना इथे हमखास धक्का बसतो. 14 जुलै 2016 च्या रात्री याच रस्त्यावर ट्रकहल्ल्यात 86 माणसं गेली. त्यांच्या स्मृतीचा देवदूताचा पुतळा 2022 पासून किनाऱ्यावर आहे. तिथे सेल्फी काढू नये.

पोहायचं असेल तर एक गोष्ट पक्की समजून घ्या: इथे वाळू नाही, गोटे आहेत, आल्प्समधून येणाऱ्या नद्यांनी आणलेले. नद्या आता बांधून काढल्यामुळे नवे गोटे पुरेसे येत नाहीत आणि नगरपालिका ट्रकने भर घालते. पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट नसतील तर तळपाय दुखतात. त्याहून महत्त्वाचं, तळ एकदम खोल जातो. चार पावलांत पाय टेकेनासे होतात. पोहता न येणाऱ्याने कमरेएवढ्या पाण्यातही जाऊ नये. आत जाणं सोपं, बाहेर येणं अवघड: लाट पायाखालचे गोटे ओढून नेते आणि माणूस आपटतो. मोठी लाट जाऊ द्या, तिच्यामागोमाग हात टेकत चटकन वर या. लाटा उंच असतील तर उतरूच नका. उन्हाळ्यात जांभळी जेलीफिश येते, उतरण्याआधी जीवरक्षकाला विचारा. सार्वजनिक किनारा फुकट आहे, शॉवरही असतात. खाजगी किनाऱ्यावर आरामखुर्चीचं भाडं रांगेवर ठरतं, पाण्याजवळची पहिली रांग सगळ्यात महाग. किनाऱ्यावर सिगारेटला बंदी आहे. पासपोर्ट आणि मोबाइल गोट्यांवर ठेवून सगळ्यांनी एकदम पाण्यात जाऊ नका, एकाने बाहेर थांबा.

परतताना नेग्रेस्कोपासून आत दहा-बारा मिनिटं चाललं की आल्झास-लोरेन हा भूमिगत थांबा लागतो. तिथून ट्राम 2 विमानतळालाही जाते. विमानतळाचं तिकीट शहरातल्या साध्या तिकिटापेक्षा महाग आणि वेगळं असतं. यंत्रावर तेच निवडा.