मानेवरच्या चामखिळी काढून घेतल्या, त्याचा अनुभव

चाळिशीनंतर माझ्या मानेवर आणि काखेत बारीक बारीक चामखिळी यायला लागल्या. मऊ, अंगाच्याच रंगाच्या, कणीएवढ्या आणि देठाला लोंबणाऱ्या. दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या. पण त्यातली एक वाढली आणि मंगळसूत्र नेमकं तिच्यात अडकायला लागलं. उन्हाळ्यात घामाने तिथे लाल होऊन चुरचुरायचं.

उपाय सांगणारे घरातच होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, घोड्याचा केस बांध, आपोआप गळून पडेल." शेजारच्या काकूंनी चुना आणि सोडा सुचवला. केस बांधण्यामागचं तत्त्व खोटं नाही. देठातून येणारं रक्त थांबलं की चामखीळ वाळते, आणि डॉक्टरही कधी कधी दोरा बांधून ती पाडतात. पण घरी अर्धवट आवळलं गेलं की ती सुजते, पिकते. चुन्याने तर आजूबाजूची चांगली कातडी भाजते, आणि आपल्या सावळ्या रंगावर भाजल्याचा काळा डाग महिनोन्महिने हटत नाही. मी सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

मॅडमनी उजेडाचं भिंग लावून एकेक चामखीळ नीट पाहिली. विषाणूमुळे येणारी चामखीळ खरखरीत असते आणि ती पसरते. या तशा नव्हत्या. आत कोलॅजेन, थोडी चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या, एवढंच. कॅन्सर नाही, संसर्ग नाही. काढल्या नाहीत तरी चालतील, असंही त्यांनी स्वतःहून सांगितलं. रंग बदलला, आपोआप रक्त आलं किंवा भराभर वाढली, तर मात्र लगेच दाखवायचं.

मग त्यांनी माझी मान पुढे वाकवली आणि मागची काळपट, मखमली झालेली कातडी बोटाने चाचपली. "हा मळ नाही, घासून जाणार नाही. घरी कुणाला शुगर आहे?" आईला आहे. त्या म्हणाल्या, मान अशी काळी आणि त्यावर चामखिळी, असं दिसलं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालंय का, हे बघायलाच हवं. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी, एचबीए१सी, लिहून दिली. माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. कित्येक बायका अशी मान बेसन-लिंबू लावून घासत बसतात आणि रक्त कुणी तपासत नाही.

काढण्याचं काम अगदी थोड्या वेळाचं. आधी तासभर बधिर करायचं मलम लावून वर प्लास्टिक चिकटवलं होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही विचारलं. बारीक चामखिळी रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सुईने जाळल्या. केस जळल्यासारखा वास येतो, तेवढी मनाची तयारी ठेवा. मोठीच्या मुळाशी इंजेक्शन दिलं, खरं दुखलं ते तेवढंच. मग चिमट्याने ती उचलून वाकड्या कात्रीने देठाशी कापली आणि बूड जाळून रक्त थांबवलं. द्रव नायट्रोजनने गोठवूनही काढतात, पण त्याने डाग पडण्याची भीती असल्याने मॅडमनी ते टाळलं.

खर्च आधीच विचारून घ्या. अनेक ठिकाणी एका चामखिळीमागे पैसे घेतात, आणि निव्वळ दिसण्यासाठी काढल्या तर मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही. पापणीवर असेल तर पार्लरमध्ये मुळीच हात लावू देऊ नका.

नंतर मलम, उन्हात सनस्क्रीन आणि मंगळसूत्र काही दिवस कपाटात. खपल्या आठवडाभरात आपोआप पडल्या. नख लावायचं नाही, हे पाळलं, म्हणून डागही फारसे राहिले नाहीत.

एचबीए१सीचा रिपोर्ट आला ६.१ टक्के. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. गोळ्या लगेच नाहीत, पण वजन उतरवायचं आहे. रोज संध्याकाळी चालायला जाते, चहातली साखर बंद केली आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. धाकट्या बहिणीची मानही तशीच काळवंडली आहे, तेव्हा या वेळी लॅबमध्ये तिलाही बरोबर नेणार आहे.